ग्रीक शब्द फोडायचा कुठं, अर्थावर की उच्चारावर?

राजारामपुरीचा मास्तर: अकरावीला बायोलॉजी शिकवतो. 'ऑफ्थॅल्मॉलॉजी', म्हणजे डोळ्यांचं शास्त्र, आलं की पोरं 'ऑप्थल...' करून पुढचं गिळतात. आमच्यातला एक सहकारी म्हणतो, आधी टाळ्या वाजवून सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, पाडा, जोर कुठं ते दाखवा, अर्थ मागनं. मला हे उलटं वाटतं. संधी सोडवतो तसा शब्द सोडवा. डिफ्थेरिया घ्या. ग्रीकमध्ये डिफ्थेरा म्हणजे कमावलेलं कातडं. घटसर्पात घशात तसाच चिवट पापुद्रा धरतो, म्हणून हे नाव. चपलांच्या गावातलं पोरगं हे एकदा ऐकलं की 'फ्थ' विसरत नाही.

गंगावेसकर: अर्थ कळला म्हणून जीभ वळत नाही, मास्तर. माझी बहीण डॉक्टरकी शिकतेय. ओटो, रायनो, लॅरिंगो म्हणजे कान, नाक, स्वरयंत्र, हे तोंडपाठ. तोंडी परीक्षेत 'ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी' म्हणताना मात्र घसरली. इंग्रजीत त्याचे 9 सिलॅबल, आणि जोर 'गॉ'वर, म्हणजे तुम्ही शब्द तोडता नेमका त्या सांध्यावर! लॉजी, ग्राफी असलं की शेवटून तिसऱ्यावर जोर. फोटोग्राफमध्ये 'फो'वर, फोटोग्राफीत 'टॉ'वर, फोटोग्राफिकमध्ये 'ग्रॅ'वर. तुमच्या विग्रहात हे कुठं दिसतं?

रंकाळ्याचा भावा: मराठीत जोरानं अर्थ बदलत नाही. फोटोग्राफी कशी पण म्हण, फोटो निघतोयच की.

गंगावेसकर: भावा, परीक्षक मराठीत विचारत नाही. आणि यमाताराजभानसलगा घोकून शार्दूलविक्रीडिताची 19 अक्षरं मोजलीसच की शाळेत. मग 9 का जड जातात?

राजारामपुरीचा मास्तर: मोजा की, नको कोण म्हणतंय. पण टाळ्यांत सांधा हरवतो. हेलिकॉप्टर आपण 'हेलि-कॉप्टर' तोडतो. मूळ आहे हेलिको आणि प्टेर, मळसूत्र आणि पंख.

उद्यमनगर: मधेच विचारतो. आमची पोरगी डायनासोरच्या पुस्तकात 'प्टेरोडॅक्टिल' वाचते, शाळेत 'टेरो' सांगतात. 'प' आहे का नाही?

राजारामपुरीचा मास्तर: तोच प्टेर. पंख आणि बोट. ग्रीक माणूस 'प' म्हणायचा. इंग्रजी जिभेला शब्दाच्या तोंडाशी 'प्ट' झेपत नाही, म्हणून गिळला. हेलिकॉप्टरात त्याला मागच्या 'कॉ'चा आधार मिळाला, तिथं वाचला.

गंगावेसकर: म्हणजे 'प' कुठं गेला हे सांगायला तुम्हाला पण सिलॅबलच पाडावे लागले की!