फोरहँड मारताना चेंडू अंगावर येतो : अंतराचा अंदाज कसा बसवावा?

माहीमकर (प्रश्न) :

नमस्कार. माझे वय 41 आहे. गेली दोन वर्षे मी आठवड्यातून तीन दिवस सकाळी आमच्या भागातील एका जिमखान्याच्या क्ले (मातीच्या) कोर्टवर टेनिस खेळतो. माझी अडचण एकच आहे आणि ती अजून सुटलेली नाही. फोरहँड, म्हणजे उजव्या बाजूचा फटका, मारण्याच्या क्षणी चेंडू माझ्या अंगाला जवळजवळ चिकटलेला असतो. कोपर बरगड्यांना टेकते, मनगट वाकडे करून कसाबसा फटका मारावा लागतो आणि चेंडू एक तर नेटमध्ये जातो किंवा फ्रेमला लागून शेजारच्या कोर्टवर उडतो. हे लक्षात आल्यावर मी मुद्दाम लांब राहू लागलो, तर उलटेच झाले. आता हात पूर्ण ताणून, कमरेतून वाकून रॅकेटच्या टोकाने चेंडू उचलावा लागतो. डाव्या बाजूच्या, दोन्ही हातांनी मारायच्या बॅकहँडला मात्र हा त्रास फारसा होत नाही.

माझी पार्श्वभूमी क्रिकेटची आहे. कॉलेजात असताना आझाद मैदानावर भरपूर खेळलो आणि दोन पावसाळे कांगा लीग या मुंबईच्या पावसाळी क्रिकेट स्पर्धेच्या खालच्या डिव्हिजनमध्ये फलंदाजीही केली. त्यामुळे चेंडूवर नजर ठेवणे मला नवीन नाही. तरीही शरीर आणि चेंडू यांच्यात नेमके किती अंतर असावे आणि ते धावता धावता कसे ओळखावे, हे कोणी समजावून सांगितले तर मनापासून आभारी राहीन.

बेसलाइनवाला :

तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्या दुसऱ्या परिच्छेदातच आहे. मी बरीच वर्षे प्रौढांना टेनिस शिकवतो आहे आणि मुंबईत क्रिकेट खेळून या खेळाकडे आलेल्या अनेकांचा फोरहँड याच जागी अडलेला पाहिला आहे. आपल्या मैदानांवर फलंदाजाला पहिल्या दिवसापासून सांगतात की चेंडूच्या रेषेत ये, पाय टप्प्यापर्यंत ने, डोके चेंडूवर ठेव आणि बॅट व पॅड यांच्यात फट ठेवू नकोस. कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवर, जिथे चेंडू कधी थांबून येतो तर कधी खाली राहतो, ही शिकवण आणखी पक्की होते. बॅट शरीराजवळून सरळ खाली येते, म्हणून तिथे हे सारे योग्यच आहे. रॅकेट मात्र शरीराच्या बाजूने मोठा वळसा घेऊन येते. साधारण 68.5 सेंटिमीटर लांबीची रॅकेट आणि तिला धरणारा हात, या दोन्हींना फिरायला जागा लागते, आणि तुम्ही चेंडूच्या रेषेत उभे राहिलात की ती जागा तुमच्याच शरीराने व्यापलेली असते. बॅकहँड बरा जातो याचेही कारण हेच आहे, कारण दोन्ही हात दांड्यावर असताना पोहोच कमी होते आणि चेंडू जवळ असलेला चालतो.

म्हणून धावताना चेंडू गाठण्याचा विचार सोडून द्या. चेंडूच्या रेषेला समांतर, तिच्या बाजूने जाणारी दुसरी एक रेषा मनात आखा आणि त्या रेषेवर पोहोचा.

अंतर नेमके किती, याला सेंटिमीटरमध्ये एकच उत्तर नाही, कारण ते ग्रिपवर (रॅकेट धरण्याच्या पद्धतीवर) आणि कोपर किती वाकलेले आहे त्यावर ठरते. फेडरर आणि नदाल यांचा हात फोरहँडला चेंडू लागताना जवळजवळ सरळ असे, तर जोकोविचचे कोपर वाकलेले असते. साहजिकच पहिल्या दोघांना चेंडू शरीरापासून अधिक दूर लागे. तुमचे स्वतःचे अंतर शोधायला कोर्टाभोवतालचे तारेचे कुंपण पुरेसे आहे. डावा खांदा कुंपणाकडे करून फोरहँडचा पवित्रा घ्या, रॅकेटच्या तारांची बाजू कुंपणाला टेकवा आणि हळूहळू जोर लावा. कोपर बरगड्यांना चिकटलेले असेल तर सगळा जोर मनगटावर येतो आणि रॅकेट मागे वळते. हात फार ताणलेला असेल तर खांद्यावर ओढ बसते आणि तोल पुढे जातो. या दोहोंच्या मध्ये एक जागा अशी सापडते की तिथे पाय, कंबर आणि खांदा एकत्र ढकलतात आणि जाळी सहज आत दबते. बहुतेकांना ही जागा पुढच्या पायाच्या किंचित पुढे सापडते, आणि त्या वेळी कोपर व बरगड्या यांच्यामध्ये निदान वीतभर फट असते. रोज खेळायच्या आधी पाच-सहा वेळा हे करा, म्हणजे ती फट अंगाला आठवत राहील.

आता धावतानाचा प्रश्न. एका बेसलाइनपासून (कोर्टाच्या मागच्या रेषेपासून) दुसरीपर्यंतचे अंतर 23.77 मीटर आहे. ताशी 60 किलोमीटर या सरासरी वेगाने आलेला चेंडू ते सुमारे 1.4 सेकंदात पार करतो आणि टप्प्यानंतर तर त्यातला थोडाच वेळ उरतो. तेवढ्यात डोळ्यांनी अंतर मोजून निर्णय घेणे कोणालाच जमत नाही, त्यामुळे सगळी तयारी अलीकडे सरकवावी लागते. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागताना तुमची तयारीची, जागच्या जागी घेतलेली छोटी उडी पूर्ण होऊन दोन्ही पाय जमिनीवर येत असले पाहिजेत आणि चेंडू नेट ओलांडण्याच्या आत खांदे वळलेले असले पाहिजेत. खांदे वळले की डावा हात बेसलाइनला समांतर असा उजवीकडे पसरा. तो हात तुमची मोजपट्टी आहे. चेंडू त्याच्या तळव्याच्या आतून, छातीकडे येताना दिसला तर तुम्ही जवळ गेला आहात.

याहून मोठी चूक टप्प्याबाबत होते. नवखा खेळाडू चेंडू जिथे पडणार तिथे धावतो, पण टप्प्यानंतरही चेंडू पुढे येतच असतो आणि थेट त्याच्या पोटावर येऊन आदळतो. चेंडू टप्पा घेऊन वर चढून पुन्हा उतरताना जिथे कमरेच्या उंचीला येईल, ती जागा डोळ्यांसमोर ठेवा आणि तिच्याही अर्धे पाऊल मागे व बाजूला थांबा. थोडे लांब राहिलात तर एक पाऊल आत टाकून भरपाई करता येते, पण जवळ गेल्यावर मागे सरायला वेळ मिळत नाही. शेवटचे एक लांब पाऊल टाकण्याऐवजी तीन-चार छोटी पावले टाका, म्हणजे चूक दुरुस्त करायची संधी अखेरपर्यंत हातात राहते. तुम्ही मुद्दाम लांब राहिलात आणि हात ताणावा लागला, त्याचे कारण हेच की तुम्ही लांब थांबलात आणि तिथेच रुतून बसलात.

सरावासाठी रॅकेट बाजूला ठेवा. सोबत्याला हाताने चेंडू टाकायला सांगा आणि खांदे वळवलेले ठेवून, एका टप्प्यानंतर, तो डाव्या हाताने शरीराच्या उजव्या बाजूला, पुढच्या पायापुढे झेला. जो चेंडू अंगाजवळ झेलावा लागेल तो बाद समजा.

पार्लेकर :

वरील सर्व सल्ल्याशी मी सहमत आहे, त्यात फक्त एक भर घालतो. वय 41 आहे म्हणून विचारतो, तुम्ही प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून खेळता का? त्या काचेचा खालचा भाग जवळचे वाचण्यासाठी असतो. खाली येणारा चेंडू त्यातून पाहिला की तो धूसर दिसतो आणि त्याचे अंतरही चुकीचे भासते. मी वर्षभर पायांना दोष देत होतो. खेळण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा करून घेतल्यावर कमी उंचीचे चेंडू पुन्हा नीट लागू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांना तुमच्या खेळाबद्दल अवश्य सांगा.

क्लेवरची :

माहीमकर, तुम्ही क्ले कोर्टवर खेळता ही मोठी सोय आहे, कारण त्या मातीवर तुमच्या प्रत्येक फटक्याची नोंद राहते. फोरहँड मारल्यावर, तो कसाही गेला तरी, क्षणभर थांबून खाली बघा. चेंडूच्या टप्प्याचा लंबगोल डाग दिसेल आणि तुमच्या बुटांचे ठसेही दिसतील. मी हे करायला लागले तेव्हा माझ्या चुकलेल्या फटक्यांपाशी जवळपास प्रत्येक वेळी एकच लांब, घासलेला ठसा असे, आणि चांगल्या फटक्यांपाशी लहान ठशांची दाटी. फेब्रुवारी 2024 मध्ये सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये) मुंबई ओपन ही महिलांची टेनिस स्पर्धा झाली, तेव्हा मी चेंडूऐवजी फक्त खेळाडूंचे पाय बघत बसले होते. साध्या, सरळ अंगाजवळ आलेल्या चेंडूलाही त्या मुली फटक्याआधी पावलांची जी बारीक हालचाल करत होत्या, ती आम्ही क्लबचे खेळाडू लांबच्या चेंडूलाही करत नाही.

दुसरे असे की तुमच्या कोर्टावरचा वारा लक्षात घ्या. सूर्य डोळ्यांवर येऊ नये म्हणून कोर्ट साधारणपणे उत्तर-दक्षिण आखलेले असते आणि आपल्याकडे दुपारनंतर समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो. म्हणजे तो कोर्टाला आडवा वाहतो. उजव्या हाताने खेळणारा दक्षिणेच्या बाजूने उत्तरेकडे तोंड करून उभा असेल तर हा वारा फोरहँडचा चेंडू त्याच्यापासून दूर नेतो आणि बॅकहँडचा अंगावर आणतो. बाजू बदलली की फोरहँडचा चेंडू अंगात घुसू लागतो. मी संध्याकाळी खेळते आणि उत्तरेच्या बाजूला गेल्यावर फोरहँडसाठी एक पाऊल जास्त बाजूला राहते. सकाळच्या खेळात हा त्रास कमी असेल, पण शनिवार-रविवारी दुपारी खेळत असाल तर जरूर तपासून पाहा.

माहीमकर :

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला बरे वाटले नाही. चष्मा साधाच आहे, त्यामुळे ती शंका मिटली. कुंपणाचा प्रयोग पहिल्याच दिवशी डोळे उघडणारा ठरला, कारण मी ज्याला आजवर योग्य अंतर समजत होतो तिथे जाळी जराही हलली नाही. ठसे पाहिले तेव्हा माझा डावा पाय दर वेळी टप्प्याच्या डागाच्या दिशेने लांब पडलेला दिसला, अगदी फ्रंट फूटवर ड्राइव्ह मारताना पडतो तसा. इतक्या वर्षांची सवय मातीवर उमटलेली पाहून मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. आता दहापैकी सहा-सात फोरहँड मोकळ्या हाताने बसतात.

दोन शंका उरल्या आहेत. समोरच्याने भरपूर टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी) देऊन खांद्याइतका उंच चेंडू टाकला तर अंतर तेच ठेवायचे का? आणि जूनमध्ये आमचे क्ले कोर्ट बंद झाल्यावर मला हार्ड (सिमेंटसारख्या कठीण पृष्ठभागाच्या) कोर्टवर खेळावे लागेल, तेव्हा काय बदलावे?

बेसलाइनवाला :

खांद्याच्या उंचीच्या चेंडूला थोडे अधिक अंतर लागते. हात खांद्यापासून फिरतो, त्यामुळे चेंडू जितका खांद्याच्या पातळीजवळ तितका हात आडवा पसरतो आणि चेंडू जितका खाली तितका तो शरीराकडे येतो. स्लाइसचा (उलटी फिरकी दिलेला) घसरत येणारा चेंडू म्हणूनच जरा जवळून, गुडघे वाकवून मारावा लागतो. उंच चेंडूला दोन पावले मागे जाऊन तो कमरेपर्यंत उतरू देणे तुम्हाला सध्या अधिक सोपे जाईल.

हार्ड कोर्टवर टप्प्यानंतर चेंडूचा वेग क्लेपेक्षा कमी घटतो आणि तो लवकर अंगावर येतो. पहिले चार-पाच दिवस बेसलाइनच्या मागे नेहमीपेक्षा एक पाऊल जास्त उभे राहा, खांदे आणखी लवकर वळवा आणि तिथे ठसे उमटणार नाहीत म्हणून सोबत्याला तुमची शेवटची पावले मोठ्याने मोजायला सांगा.