रिअल इस्टेट सर्व्हेइंगला जाऊ का? (तातडीचं आहे)

हिरवा_चाफा
परदेशी विद्यापीठाची ऑफर आली आहे. डिपॉझिट शुक्रवारपर्यंत भरायचंय. परत आल्यावर इथे या डिग्रीला कोणी विचारतं का? घरचे म्हणतात, "मोजणी शिकायला एवढे पैसे?" प्लीज लवकर सांगा.

बांधावरून
घरचे बरोबर बोलतायत. आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड दोन वर्षांत होतो. पुढे भूमी अभिलेखात भूकरमापकाची भरती निघते. आता साखळी गेली, रोव्हरने म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलवर चालणाऱ्या यंत्राने मोजतात.

हिरवा_चाफा
काका, मोजणी नाही हो! व्हॅल्युएशन, भाडेकरार, गुंतवणूक असलं आहे.

टेम्स_काठी
देश कुठला, विद्यापीठ कुठलं, कोर्स किती वर्षांचा, आरआयसीएसची (सर्व्हेअर लोकांची ब्रिटिश व्यावसायिक संस्था) मान्यता आहे का? काहीच सांगितलं नाहीयेत.

हिरवा_चाफा
सॉरी. इंग्लंड, रेडिंग. एमएस्सी, १ वर्ष. मान्यता आहे.

टेम्स_काठी
या विषयात रेडिंगचं नाव जुनं आहे. पण नुसत्या डिग्रीवर नावापुढे एमआरआयसीएस, म्हणजे त्या संस्थेचं सदस्यत्व, लागत नाही. त्यासाठी एपीसी, म्हणजे संस्थेची पात्रता परीक्षा. नोकरी करत साधारण २४ महिने नोंदी ठेवायच्या, केस स्टडी लिहायची, मग तासाभराची मुलाखत. माझी दोनदा झाली, पहिल्यांदा नापास. आणि ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षणानंतर तिथे राहून काम करायचा) २ वर्षांचा, १ जानेवारी २०२७पासून अर्ज केलात तर १८ महिन्यांचाच. म्हणजे पुढच्या व्हिसासाठी स्पॉन्सर करणारी कंपनी मिळाली नाही तर एपीसी अर्धवट.

वीट_वाळू
त्या तिकडच्या गोष्टी. ती परत येण्याबद्दल विचारतेय. इथे कंपनी कायद्याखालचं आणि दिवाळखोरीतलं व्हॅल्युएशन आयबीबीआयकडे (दिवाळखोरी आणि व्हॅल्युअर यांचं सरकारी नियामक मंडळ) नोंदणी असलेल्यालाच करता येतं. जमीन-इमारत वर्गाला २०१७च्या नियमांप्रमाणे सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा टाउन प्लॅनिंगची पदवी आणि वर ५ वर्षं अनुभव लागतो. पदवी कशात आहे?

हिरवा_चाफा
बीकॉम.

वीट_वाळू
हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना! मग या वर्गात नोंदणी विसरा. एमएस्सीने मूळ पदवी बदलत नाही.

टेम्स_काठी
सही करणारा व्हॅल्युअर होणं म्हणजेच करिअर का? मुंबई-पुण्यातल्या सल्लागार कंपन्यांत लीजिंग (जागा भाड्याने देण्या-घेण्याचे व्यवहार), रिसर्च, फंडांची कामं असतात. तिथे बीकॉम आडवं येत नाही, एमआरआयसीएस असेल तर मान मिळतो.

वीट_वाळू
मान मिळतो, सही दुसऱ्याचीच लागते. पंधरा वर्षं तेच बघतोय.

बांधावरून
सहीवरून आठवलं. आमच्या गटाची मोजणी झाली, पण लगतचा खातेदार पंचनाम्यावर सही करायला तयार नाही. हद्दीच्या खुणा त्याने रातोरात उपटल्या. काय करावं?

टेम्स_काठी
काका, वेगळा धागा काढा.

हिरवा_चाफा
मला सही नकोच आहे, नोकरी हवी आहे. लीजिंगचं काम करणारं इथे कोणी आहे का? आणि व्हिसा नाकारला तर डिपॉझिट परत देतात का?

वीट_वाळू
ऑफर लेटरच्या अटी वाच. आज गुरुवार आहे.

बांधावरून
वेगळा धागा कुठून काढायचा?