‘सिक्युरिटी’ म्हटलं की पुढे विचारायचंच नाही का?

अर्धविराम (धागाकर्ता)

एखाद्या नियमाचं कारण विचारावं आणि उत्तर ‘सिक्युरिटी’ असं यावं, की बोलणं तिथेच खुंटतं. गच्चीला कुलूप का? सिक्युरिटी. आत जाताना माझा फोटो का काढता, तो किती दिवस ठेवता? सिक्युरिटी. दर दोन महिन्यांनी पासवर्ड का बदलायचा? सिक्युरिटी. या शेवटच्या नियमाबद्दल तर अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं २०१७ सालीच सांगितलंय की ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला सांगा. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. तरी कित्येक कचेऱ्यांमध्ये ही सक्ती चालूच आहे, कारण ‘सिक्युरिटी’शी वाद घालणारा माणूस बेजबाबदार ठरतो.

कोणाची सिक्युरिटी, कशापासून, आणि तिची किंमत कोण मोजणार, एवढं सांगितल्याशिवाय हा शब्द अर्धवट आहे असं माझं ठाम मत आहे. अर्नोल्ड वोल्फर्स या अभ्यासकानं १९५२ मध्येच ‘नॅशनल सिक्युरिटी’ या शब्दप्रयोगाला संदिग्ध म्हटलं होतं. पुढे बॅरी बुझान आणि ओले वेव्हर यांनी आणखी नेमकं मांडलं: एखादा विषय सिक्युरिटीचा आहे असं जाहीर करणं हीच एक कृती आहे. तसं जाहीर झालं की तो विषय नेहमीच्या चर्चेतून उचलला जातो आणि एरवी खपली नसती अशी पावलं खपून जातात. राष्ट्रांच्या पातळीवर जे होतं तेच सोसायटीच्या नोटीस बोर्डावर होतं.

तारण

तुमची तक्रार एका अर्थापुरती खरी आहे, पण तुम्ही ती सगळ्या शब्दावर लादताय. पैशाच्या व्यवहारात याच शब्दाइतकं नेमकं काही नाही. कर्जासाठी दिलेली सिक्युरिटी म्हणजे तारण: हप्ते थकले तर सावकाराचा हक्क कशावर, हे लेखी असतं. सिक्युरिटी डिपॉझिट म्हणजे अनामत: कोणाकडे, किती, कधी परत, हेही लेखी असतं. तुमचे तिन्ही प्रश्न तिथे करारातच सुटलेले असतात. शेअर आणि रोख्यांना ‘सिक्युरिटीज’ म्हणतात, त्याची मुळंही याच अर्थात आहेत: देण्याला पुरावा आणि आधार असणारा कागद. त्यात कोणी कोणाला गप्प बसवत नाही.

अर्धविराम

@तारण, लेखी असतं म्हणून समजलेलं असतं असं नाही. गृहकर्जांचे गठ्ठे बांधून त्यांवर रोखे काढले, त्यांनाही सिक्युरिटीजच म्हणत. त्यातल्या पुष्कळ रोख्यांना सर्वोच्च पतमानांकन होतं. २००७-०८ मध्ये ते कोसळले तेव्हा कळलं की आत काय भरलंय हे घेणाऱ्यांपैकी अनेकांनी पाहिलंच नव्हतं.

तारण

तो दोष मानांकनाचा आणि हावरटपणाचा. त्या कागदांना दुसरं कुठलंही नाव असतं तरी ते तसेच विकले गेले असते. शब्दाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून खरे जबाबदार सुटतात, याची मला जास्त काळजी वाटते.

खिळामोळा

मी कारखान्यांच्या सेफ्टीचं काम करतो. माझ्या मते खरा घोळ वेगळाच आहे. लोक सेफ्टी आणि सिक्युरिटी एकच धरतात. अपघातापासून बचाव ती सेफ्टी आणि मुद्दाम इजा करणाऱ्यापासून बचाव ती सिक्युरिटी. दोन्ही एकमेकींच्या विरोधात जाऊ शकतात, आणि जातात तेव्हा माणसं मरतात.

२५ मार्च १९११, न्यूयॉर्क, ट्रँगल शर्टवेस्ट कारखाना. नवव्या मजल्यावरचं जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. कामगारांनी माल चोरून नेऊ नये, सगळ्यांनी एकाच वाटेनं झडती देऊन बाहेर पडावं, हा अशा कुलपांमागचा हिशेब. आग लागली आणि १४६ जण गेले, बहुतेक तरुण मुली. मालकाच्या मालाची सिक्युरिटी शाबूत होती.

दुसरं उदाहरण अलीकडचं. २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर विमानांच्या कॉकपिटची दारं बाहेरून फोडता येणार नाहीत अशी केली गेली. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जच्या विमानात कॅप्टन बाहेर गेल्यावर सहवैमानिकानं दार आतून बंद केलं आणि विमान आल्प्समध्ये आदळवलं. कॅप्टन दार फोडायचा प्रयत्न करत राहिला. १५० जण गेले. दार जसं बनवलं होतं तसंच वागलं. धोका बाहेरूनच येणार हे ज्यांनी गृहीत धरलं, त्यांनी आतून येणाऱ्या धोक्याचा विचार पुरेसा केला नव्हता.

म्हणून मी प्रत्येक बैठकीत हे दोन शब्द वेगळे वापरायला लावतो. मराठीत दोन्हींना ‘सुरक्षा’ म्हणून आपण हा फरक पुसून टाकतो.

नीलमोहर

उदाहरणं हलवून टाकणारी आहेत, पण निष्कर्ष पटत नाही. जर्मनमध्ये दोन्हींना एकच शब्द आहे, ‘झिशरहाइट’. म्हणून जर्मन यंत्रं बेभरवशाची झाली का? फ्रेंचमध्ये दोन शब्द आहेत, तर त्यांची अदलाबदल होते: विमानवाहतुकीत अपघातांच्या बाजूला ‘सेक्युरिते’ आणि घातपाताच्या बाजूला ‘स्युरते’ म्हणतात, अणुऊर्जेत मात्र अपघात टाळण्याला ‘स्युरते’. फरक कामाच्या पद्धतीत पाळला की पुरे. १९११ च्या त्या कारखान्याच्या न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीतले हे दोन्ही शब्द होतेच. कुलूप तरीही लागलं.

खिळामोळा

@नीलमोहर, शब्द असून वापरला नाही हे मान्य. पण नसेल तर आक्षेप तरी कशाच्या आधारावर घ्यायचा?

तिसरी पाळी

इथे शब्दाची चर्चा चाललीय म्हणून लिहितो. मी रात्रपाळीचा सुरक्षारक्षक आहे. मला अख्ख्या पाळीत नावानं कोणी हाक मारत नाही. “ए सिक्युरिटी, गेट उघड.” “सिक्युरिटीकडे चावी ठेव.” माणसाचं नाव जाऊन कामाचं नाव लागलं, तेही अर्धंच. डॉक्टरला कोणी ‘ए उपचार’ म्हणत नाही.

खिळामोळा साहेब, तुमचा फरक बरोबर आहे, पण आमच्या वाट्याला दोन्ही येतं. नेमताना चोराचं सांगतात. प्रत्यक्षात रात्री काय येतं? टाकी भरून वाहते, लिफ्टमध्ये कोणी अडकतं, मीटरच्या खोलीतून जळका वास येतो, एखाद्या आजोबांना छातीत दुखतं. आग विझवायचं नळकांडं कसं वापरायचं हे मला कोणी शिकवलं नाही, मी त्याच्यावरचं वाचून शिकलो. चोर आला तर काय करायचं याचा कागद मात्र दिलाय. अर्धविराम साहेब विचारतात किंमत कोण मोजतं. बारा तास उभं राहणारा मोजतो. त्याच्या स्वतःच्या नोकरीची सिक्युरिटी महिन्यामहिन्याची असते.

ओसरी

@तिसरी पाळी, तुमचं लिहिणं वाचून मूळ प्रश्नाकडे वेगळ्या नजरेनं पाहावंसं वाटलं.

मी लहान मुलांबरोबर काम करते, आणि अर्धविराम यांच्या तीन प्रश्नांत एक मोठी गोष्ट सुटतेय असं मला वाटतं. सिक्युअर वाटणं हीसुद्धा खरी गरज आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी आई आणि बाळांचं निरीक्षण करून ‘सिक्युअर’ नात्याचं वर्णन केलं. असं मूल आईला सोडून खेळायला जातं, कारण मागे वळलं तर ती असणार याची त्याला खात्री असते. त्या खात्रीमुळे मूल धीट होतं. प्रत्येक वेळी ‘कशापासून’ विचारलं तर याचं उत्तर येणारच नाही, कारण तिथे शत्रूच नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात सोशल सिक्युरिटीचा हक्क दिलाय, तोही याच जातीचा: आजारपण, बेकारी, म्हातारपण यांत माणूस उघड्यावर पडू नये.

अर्धविराम

@ओसरी, बाळाच्या बाबतीत पूर्ण मान्य. पण तीच भावना मोठ्यांना विकलीही जाते. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी अशा देखाव्याला ‘सिक्युरिटी थिएटर’ म्हटलंय: धोका तसाच, फक्त बघणाऱ्याला बरं वाटतं. बाळाची आई खरोखर मागे असते. बंद पडलेला कॅमेरा मागे नसतो.

ओसरी

बंद कॅमेऱ्याची बाजू मी घेत नाही. पण वसतिगृहातल्या मुलींना रात्री आठला आत कोंडतात, तेही ‘तुमच्या सिक्युरिटीसाठी’. त्यांना तुमचे तिन्ही प्रश्न विचारता येतात, आणि वॉर्डनकडे तिन्ही उत्तरं तयार असतात: मुलींची, बाहेरच्या पुरुषांपासून, किंमत मुलींनी मोजायची. वाक्य पूर्ण झालं, तरी अन्याय तसाच. तुमच्या यादीत एक प्रश्न कमी आहे. जिची सिक्युरिटी, तिला विचारलं होतं का?

तिसरी पाळी

ताई, अशा एका गेटवर मी होतो. उशिरा आलेल्या मुलीला बाहेर ठेवायचा हुकूम होता. रात्री साडेदहाला रस्त्यावर उभं ठेवायचं, आणि त्याला सिक्युरिटी म्हणायचं. मी गेट उघडलं.