मिठाच्या व्यापाराच्या इतिहासाचं पुस्तक लिहून झालं, आता छापू कसं आणि विकू कुठे?

हिशेबवही:
मंडळी, सहा वर्षं खपून मिठाच्या व्यापाराच्या इतिहासावर पुस्तक लिहिलंय एकदाचं. छापील ४०० पानं होतील, तळटीपा ११०० च्या वर आणि १४ नकाशे. एक प्रकाशक पहिल्या भेटीत फार खूष होते आणि दुसऱ्या भेटीत म्हणाले ५०० प्रती तुम्हीच विकत घ्या. दुसऱ्यांकडून आठ महिने झाले, हो नाही की नाही नाही. म्हणून आता स्वतःच काढायचं ठरवलंय. तर प्रश्न असे की ऑफसेटवर एकदम हजार प्रती छापून घ्याव्यात का प्रिंट ऑन डिमांड (म्हणजे ऑर्डर येईल तशी प्रत छापणं) करावं, ईबुक काढण्यात काही अर्थ आहे का, आणि मुळात ऑनलाइन असली पुस्तकं कोणी घेतं का? नाव सध्या 'पांढरं सोनं' ठेवलंय. अनुभवी लोकांनी जरा सांगा प्लीज.

शाईचाडाग:
छपाईत आयुष्य गेलंय म्हणून तेवढंच बोलतो. ऑफसेटमध्ये प्लेटा बनवायचा आणि मशीन लावायचा खर्च १०० प्रतींना जेवढा तेवढाच १००० ला, त्यामुळे आकडा वाढवला की एका प्रतीचा खर्च धपकन खाली येतो आणि तिथेच लेखक फसतो. कोटेशन बघून वाटतं अरे ३०० पेक्षा १००० च घेऊ, कितीशी स्वस्त पडतेय प्रत. पण ती स्वस्त तेव्हाच जेव्हा ती विकली जाते, नाहीतर गठ्ठे पलंगाखाली, दमट हवा, कसर, आणि घरच्यांची बोलणी वेगळीच. डिजिटल छपाईत (प्रिंट ऑन डिमांडही त्यातलंच) प्लेट नसते, दहावी प्रत आणि पाचशेवी प्रत साधारण एकाच भावात.

दुसरं म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती निघाली की महिन्याभरात कोणीतरी पत्र पाठवतंच की पान २१२ वरचं साल चुकलंय. आणि बहुतेकदा तो माणूस बरोबर असतो! प्रिंट ऑन डिमांडमध्ये फाइल बदलली की पुढची प्रत दुरुस्त होऊन निघते. हजार छापून बसलात तर शुद्धिपत्राचे कपटे चिकटवत बसा.

नकाशांबद्दल मात्र आत्ताच जागे व्हा. प्रिंट ऑन डिमांडला साधारणपणे आतली पानं एकतर सगळी काळी-पांढरी नाहीतर सगळी रंगीत धरतात, म्हणजे १४ नकाशांपायी ४०० पानांना रंगाचा भाव. रंगीत नकाशा तसाच काळ्या-पांढऱ्यात टाकला तर लाल आणि हिरवा मार्ग एकाच करड्या रंगाचे दिसतात, कुठला खुष्कीचा आणि कुठला जलमार्ग काही कळत नाही. नकाशे नव्याने काढून घ्या, एक मार्ग तुटक रेघेचा, एक ठिपक्यांचा, असे. आणि जोडपानावर नकाशा पसरू नका, मधली सगळी शहरं बाइंडिंगमध्ये जातात.

कपाटबंद:
पीडीएफ फुकट फिरेल दुसऱ्या आठवड्यात. शुभेच्छा.

शाईचाडाग:
@कपाटबंद, फिरू दे की. फुकट पीडीएफ घेणारा तसाही विकत घेणार नव्हता. मला चोरीपेक्षा पुस्तक आहे हेच कोणाला न कळण्याची भीती जास्त वाटते.

सूचीपत्र:
'पांढरं सोनं' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर कापूस येतो हो! सर्चमध्ये टाकून बघा, पान भरून कापसाचे भाव दिसतील. दुकानात माणूस पुस्तक हातात घेतो, उलटून मलपृष्ठ बघतो, ऑनलाइन तो शब्द टाइप करतो आणि त्याने टाइप केलेला शब्द तुमच्या नावात नसेल तर तुम्ही त्याच्यासाठी नाहीच. काव्यात्म नाव ठेवायचं तर ठेवा पण खाली उपशीर्षकात 'मीठ', 'व्यापार', 'इतिहास' हे तीन शब्द आणि कालखंड आलाच पाहिजे.

आता कंटाळवाणं पण महत्त्वाचं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक (२००७ पासून १३ आकडी), प्रत्येक रूपाला वेगळा लागतो, पेपरबॅकला एक, पुठ्ठा बांधणीला दुसरा, ईबुकला द्यायचा तर तिसरा. स्वयंप्रकाशनाच्या साइटने फुकट दिलेला नंबर बहुतेकदा त्यांच्यापुरताच चालतो, उद्या दुसरीकडे छापायचं झालं तर नवा घ्यावा लागतो, म्हणून शक्य असेल तर आपल्या नावावरच घ्या. विषयाचा कोड भरताना लोक 'इतिहास – सामान्य' टाकून मोकळे होतात, तिथे लाखो पुस्तकांच्या ढिगात कोण शोधणार? थीमा नावाची आंतरराष्ट्रीय विषयपद्धती आहे (२०१३ मध्ये आली), त्यात आर्थिक इतिहास वेगळा, सागरी इतिहास वेगळा, आणि भूभाग आणि कालखंड जोडायचीही सोय आहे. किंडलवर (अॅमेझॉनचं ईबुकचं दुकान) सात कीवर्डच्या, म्हणजे शोधशब्दांच्या, जागा मिळतात, त्यात 'उत्तम पुस्तक' वगैरे भरू नका, मिठागर, मीठकर, तांडे असं काय काय लोक शोधतील ते भरा.

आणि वर्णनाच्या पहिल्या दोन ओळीच दिसतात, बाकीचं 'आणखी वाचा'च्या मागे जातं. तिथे "प्रस्तुत ग्रंथात लेखकाने" असं सुरू केलंत तर संपलं.

रात्रपाळी:
ईबुकबद्दल. नक्की काढा पण हिशेब नीट बघा. किंडलवर रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के अशी दोन प्रकारची आहे. ७० वाल्यात अटी आहेत, ईबुकची किंमत छापील प्रतीपेक्षा निदान २० टक्के कमी हवी, आणि फाइलच्या मेगाबाइटप्रमाणे डिलिव्हरीचा खर्च कापतात. कादंबरीची फाइल असते एवढीशी, तुमचे १४ नकाशे मोठ्या साइझचे टाकलेत तर प्रत्येक विक्रीत तेच पैसे खातील. (कॉपीराइट संपलेलं जुनं पुस्तक नुसतं परत काढणाऱ्यांना ३५ च मिळतात, हे ज्यांच्या डोक्यात असेल त्यांच्यासाठी.)

अजून एक, जे मला स्वतःचं पुस्तक काढल्यावर कळलं. नमुना म्हणून सुरुवातीचा साधारण १० टक्के भाग फुकट वाचायला मिळतो. माझ्या पुस्तकात त्या भागात काय होतं तर अर्पणपत्रिका, दोन प्रस्तावना, मनोगत, आभार आणि लघुरूपांची यादी 😅 म्हणजे वाचकाला पुस्तक सुरू व्हायच्या आत नमुना संपला. नंतर आभार आणि यादी मागे टाकली, प्रस्तावना एकच ठेवली. ज्यांची गाळली ते सर अजून बोलत नाहीत.

जुनापुराणा:
कोणी घेतं का विचारलंत म्हणून माझं सांगतो. माझं रंगाऱ्यांच्या धंद्याच्या इतिहासावरचं पुस्तक पहिल्या महिन्यात ११ खपलं, त्यातले ६ नातेवाईक. खचलो होतो. पण नंतर महिन्याला तीन-चार असं जे सुरू झालं ते पाच वर्षं चालूच आहे. घेणारे इतिहासवाले कमीच, कापडाच्या धंद्यातली माणसं, डिझाइन शिकणारी मुलं, एकजण तर रसायनशास्त्र शिकवणारे. तुमच्याकडेही इतिहासवाल्यांच्या आधी मीठवालेच येतील बघा, स्वयंपाकावर लिहिणारे, मिठागरात काम केलेली घरं, भाषेचे वेडे.

जाहिरातीवर पैसे घालवले, उपयोग शून्य. उपयोग झाला तो पुस्तकातल्या एकेका प्रश्नावर लिहिलेल्या लेखांचा. तुमच्याकडे तर आयता मसाला आहे, रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा आणि त्यावरून सॅलरी शब्द आला असं जो तो सांगत असतो. आता शब्दाचं मूळ लॅटिन सालारियम आणि त्याचा मिठाशी संबंध, हे खरं, पण पगार म्हणून मीठच हातात द्यायचे याला प्राचीन पुरावा मिळत नाही. यावर हजार शब्द लिहा, शेवटी पुस्तकाची लिंक. भांडायला येतील लोक, येऊ देत, भांडणारे पुस्तक घेतात.

आणि संदर्भयादीतली दोन-चार पानं दुकानाच्या पानावर फोटो म्हणून लावा. हल्ली एआयने पाडलेली 'संपूर्ण इतिहास' छाप पुस्तकं इतकी झालीत की २०२३ मध्ये अॅमेझॉनला एका दिवसात एका खात्यावरून तीनच नवी पुस्तकं अशी मर्यादा घालावी लागली. दिवसाला तीन! आपली सहा वर्षं जातात एका पुस्तकात. त्या गर्दीत खऱ्या तळटीपा दिसल्या की जाणकार थांबतो.

हिशेबवही:
बापरे, खूपच मिळालं, सगळ्यांचे आभार. कापसाचं बघून हसूच आलं, सहा वर्षांत एकालाही सुचलं नाही, बायको म्हणते मी तेव्हाच म्हणाले होते. तर नाव बदलतोय, परीक्षणांसाठी आणि ओळखीच्यांना ५० प्रती डिजिटलवर काढतो आणि बाकी प्रिंट ऑन डिमांड. नकाशे परत काढायला दिले. मुखपृष्ठावर जुनं चित्र टाकायचंय मिठागराचं, ३०० वर्षांपूर्वीचं, चित्रकार केव्हाच गेला म्हणजे हक्काचा प्रश्न नाही ना?

सूचीपत्र:
चित्रावर नसेल, पण त्याच्या फोटोवर संग्रहालयाच्या अटी असू शकतात, ज्याच्याकडून फाइल घेताय त्याचं पान नीट वाचा. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ पासून हक्कमुक्त चित्रांचे फोटो कशासाठीही वापरायला मोकळे केलेत, अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमकडेही तशी मोठी सोय आहे, आधी तिथे शोधा. सापडलं तर इथे टाका, मुखपृष्ठ अंगठ्याएवढं करून बघू, फोनवर तेवढंच दिसतं.

कपाटबंद:
नाव काय ठेवताय ते सांगा. एक प्रत घेईन म्हणतो.