प्राण्यांचे डॉक्टर, रात्रीचे साडेअकरा आणि आपला खिसा: तुमचे अनुभव लिहा

धागा काढायचं कारण आमची कुत्री चिंगी. वय सात, जात गावठी, वजन अठरा किलो. गेल्या महिन्यात दोन दिवस ती सारखं पाणी पीत होती. उन्हाळा आहे, पिणारच, असं मी म्हटलं. तिसऱ्या दिवशी खाणं बंद, रात्री दोन उलट्या, आणि साडेअकराला ती उठून उभीच राहीना. आमचे नेहमीचे डॉक्टर नऊला दवाखाना बंद करतात आणि फोनही. पुण्यासारख्या शहरात रात्री उघडा दवाखाना शोधायला आम्हाला पाऊण तास लागला. दोन ठिकाणी ‘सकाळी आणा’ म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी टेबलावर घेतली, सोनोग्राफी केली. गर्भपिशवी पुवाने भरलेली होती. लगेच ऑपरेशन, आधी पंधरा हजार डिपॉझिट. रात्री एक वाजता मी आणि बायको एकमेकांच्या यूपीआयची मर्यादा तपासत उभे.

बिल अजून जपून ठेवलंय. तपासणी 600 (रात्रीचा दर), रक्त 1,250, सोनोग्राफी 1,800, ऑपरेशन आणि भूल 17,000, चार दिवसांचं सलाईन-इंजेक्शन-ॲडमिशन 9,600, गळ्यातला कोन 350. एकूण 30,600. चिंगी वाचली.

यात सगळ्यात महाग काय पडलं? माझं शहाणपण. चार वर्षांपूर्वी याच नेहमीच्या डॉक्टरांनी नसबंदी करून घ्या म्हणून सांगितलं होतं, आठ हजारांत. मी त्यांना निसर्गावर व्याख्यान दिलं होतं. माजावर येऊन गेल्यावर महिना-दीड महिन्यात पिशवीत असा पू होऊ शकतो, आणि तो बाहेर वाहिला नाही तर कळतही नाही, हे तेव्हा त्यांनी सांगितलंही असेल. मी ऐकलं नाही.

तर लिहा. डॉक्टर कसा शोधलात, कधी बदललात, पैशांचं कसं जमवता. डॉक्टरांची आणि दवाखान्यांची नावं कृपया नकोत, स्तुतीसाठीही नकोत. मागच्या वेळी त्यावरूनच भांडणं झाली होती.

डोंबिवलीहून

आमचा बोका पिंट्या. मातीच्या ट्रेमध्ये जायचा, बसायचा, उठायचा, परत बसायचा. सासूबाई म्हणाल्या, बद्धकोष्ठ झालंय, इसबगोल द्या. दिलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पोट न चाचपताच अँटिबायोटिकचं इंजेक्शन मारून घरी पाठवलं, 300 रुपये.

संध्याकाळी माझ्या मैत्रिणीने तिच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी एकच विचारलं, “पोटाच्या मागच्या भागाला हात लावा. लिंबासारखं कडक काही लागतंय का?” लागत होतं. “मग रिक्षा पकडा, जेवायला थांबू नका.” लघवी तुंबली होती. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, खड्यांनी किंवा चिकट गाळाने बुजते, आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. नळी घालून तीन दिवस ठेवला. 13,500.

मी डॉक्टर बदलला तो त्या लिंबामुळे. फोनवरून माझ्या हाताने त्यांनी तपासणी करून घेतली हो! आता पिंट्याला कोरडे दाणे जवळजवळ बंद, ओलं खाणं आणि घरात चार ठिकाणी पाण्याची भांडी. दोन वर्षं झाली, परत तुंबली नाही. बोका सारखा बसतोय आणि ट्रे कोरडा आहे, तर रात्र काढू नका एवढंच सांगते.

लालबागहून

आमच्या पिढीला एकच दवाखाना माहीत: परळचं बैलघोडा हॉस्पिटल. पाटीवर नाव ‘बाई साकरबाई दिनशा पेटिट’, पण टॅक्सीवाल्याला ते सांगाल तर तो तुमच्याकडेच बघत राहील. बैलघोडा म्हटलं की सरळ दारात. दिनशा पेटिटांनी पत्नीच्या नावाने दिलेली देणगी ती, आणि 1886 साली मुंबईचं पशुवैद्यक कॉलेजही तिथंच सुरू झालं.

माझा अनुभव: पैसे कमी, वेळ पूर्ण. सकाळी लवकर केसपेपर काढायचा, डबा बरोबर न्यायचा, रजा टाकायची. रांगेत बकरी, ससा, घार, कान कुजलेला कुत्रा, सगळे. शिकाऊ डॉक्टर आधी तपासतात, मग मोठे. तीन जण बघतात म्हणून काही सुटत नाही, असं मला तरी वाटतं. खरा खर्च टॅक्सीचा. कुत्रा दिसला की चारपैकी तीन जण मान हलवतात, चौथा दुप्पट मागतो. मी चादर बरोबर नेतो आणि हात दाखवायच्या आधीच ती उलगडून धरतो. टॅक्सी थांबते.

2024 पासून महालक्ष्मीला टाटांचं मोठं प्राणी-रुग्णालयही सुरू झालंय. तिथे अजून जायची वेळ आली नाही. न येवो.

नागपूरहून

शेरूला फिट्स येतात. चार वर्षांचा लॅब्राडोर. आमच्याकडे पशुवैद्यक कॉलेज गावातच आहे, म्हणून निदानाचा खर्च फार नाही झाला. गोळी फिनोबार्बिटोन, तीही स्वस्त. पण ती मिळवणं म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे राजेहो. माणसांचीच गोळी, चिठ्ठीशिवाय देत नाहीत, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं, ‘रुग्ण: शेरू, वय 4 वर्षे’. मेडिकलवाला म्हणे, इतक्या लहान पोराला इतका डोस? मी म्हटलं कुत्रा आहे. तर म्हणे, मग ढोरांच्या मेडिकलमध्ये जा. तिथे गेलो तर तो म्हणे, ही माणसांची गोळी, आम्ही ठेवत नाही!

ही गोळी बारा तासांच्या ठोक्याला द्यावी लागते, एकदम बंद केली तर फिट्स उसळून येतात. त्यामुळे शेवटची पट्टी संपायची वाट बघायची नाही. आता डॉक्टर चिठ्ठीवर ठळक ‘श्वान’ लिहितात, खाली शिक्का आणि नोंदणी क्रमांक टाकतात, आणि मी एकाच दुकानदाराला धरून ठेवलंय. दर सहा महिन्यांनी यकृताची रक्ततपासणी. ती मी कधीच टाळत नाही, कारण पैसे वाचवायच्या नादात एकदा टाळली होती, तेव्हा सगळी वसुली झाली.

कोथरूडहून

एक विरोधी मत मांडतो. या सगळ्या तपासण्यांमागे कमिशन असतं. पूर्वी आमच्या वाड्यात मोत्या होता, शिळी पोळी खाऊन चौदा वर्षं जगला, त्याने सोनोग्राफीचं तोंड पाहिलं नाही. आता जरा शिंकला की सीबीसी, म्हणजे रक्ततपासणी.

नाशिकहून, पशुवैद्य

कोथरूडकरांचा राग समजतो. तुमचा मोत्या चौदा वर्षं जगला, पण त्याच्याबरोबरची किती पिल्लं पार्वोने (विषाणूच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांनी) गेली ते कुणी मोजलं नाही.

मी सतरा वर्षं दवाखाना चालवतोय, माझी बाजू सांगतो. गोचीडतापाचं कुत्रं येतं: ताप, हिरड्या फिकट, नाकातून रक्त. 450 रुपयांच्या सीबीसीत प्लेटलेट किती उतरल्यात ते दिसतं, काचेवर रक्त पसरून बघितलं तर कधी कधी जंतूही दिसतो. ती न करता ‘ताकदीचं इंजेक्शन द्या’ म्हणणारे लोक चौथ्या दिवशी रक्त चढवायला घेऊन येतात. आणि हो, गरज नसताना तपासण्या लिहिणारेही आहेत आमच्यात. ओळखायचं कसं? विचारा, “या रिपोर्टने उपचारात काय बदल होईल?” ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडे ती तपासणी करू नका.

बजेट सांगायला लाजू नका. आत आल्या आल्या सांगा, आज माझ्याकडे तीन हजार आहेत. मग मी तपासण्यांचा क्रम त्याप्रमाणे लावतो; आधी जी सगळ्यात जास्त सांगेल ती. शेवटी काउंटरवर घासाघीस केलीत तर मी फक्त माझी फी कमी करू शकतो, लॅबची नाही.

आणि हात जोडून सांगतो, घरच्या डब्यातली औषधं देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अगदी थोडंसुद्धा. हिरड्या चॉकलेटी पडतात, श्वास लागतो. गेल्याच आठवड्यात एक माऊ अशीच आली. दोन रुपयांची गोळी होती.

भिंतीवर डॉक्टरांची पदवी आणि राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक लावलेला आहे का ते बघा. आमचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असतो. लस फ्रिजमधून तुमच्यासमोर काढतात का, बाटलीवरचं लेबल तुमच्या पुस्तिकेत चिकटवतात का, तेही बघा. लस 2 ते 8 अंशांत राहिली नसेल तर तुम्ही पाण्याचे पैसे दिलेत.

फलटणजवळून

आमच्या गावाकडं सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, गाई-म्हशींचा. डॉक्टर सकाळी दवाखान्यात, बाकीचा दिवस मोटरसायकलवर. कुत्र्याला रेबीजची लस तिथंच दिली, अगदी किरकोळ खर्चात. नंतर आमच्या वाघ्याच्या मांडीला गाठ आली. डॉक्टर हात फिरवत बसले जरा वेळ. मग म्हणाले, “दादा, म्हशीचं असतं तर आत्ता कापलं असतं. कुत्र्याचं मला एवढं कळत नाही. शिरवळला न्या.”

शिरवळच्या कॉलेजात नेलं, सुई घालून तपासली. चरबीची गाठ निघाली, काही करायची गरजच नव्हती. माझ्या डोक्यात गावातल्या डॉक्टरची किंमत त्या दिवशी वाढली. शहरातले पाहुणे सांगतात, त्यांच्याकडं अशाच गाठीचं ऑपरेशन झालं, वीस हजारांत.

लेस्टरहून (इंग्लंड)

इथली उलटी तऱ्हा. इथे बरेच लोक कुत्र्याचा विमा काढतात. आमच्या लाडूचा विमा पहिल्या वर्षी परवडला. आता तो नऊ वर्षांचा आहे, हप्ता दर वर्षी चढतो, आणि दाव्यातला काही भाग आपणच भरायचा. आधीपासून असलेला आजार नवीन कंपनी घेत नाही, म्हणून कंपनी बदलताही येत नाही.

इथे 2013 च्या सुमारास दहा टक्के दवाखाने मोठ्या कंपन्यांचे होते, दशकभरात ते साठ टक्क्यांच्या आसपास गेले. पाटी जुन्याच डॉक्टरची, मालक वेगळा. लोकांची ओरड इतकी झाली की 2023 मध्ये इथल्या स्पर्धा प्राधिकरणाने चौकशीच सुरू केली. मला फार उशिरा कळलेली गोष्ट: डॉक्टरकडे लेखी प्रिस्क्रिप्शन मागता येतं. त्याची फी असते, पण लाडूच्या संधिवाताचं औषध ऑनलाइन फार्मसीत जवळजवळ निम्म्यात पडतं. तीन वर्षं मी काउंटरवरच घेत होते. मराठी माणूस भाजीत भाव करतो, डॉक्टरपुढे गप्प.

पुण्याहूनच, चिंगीचा बाबा परत

विम्याचं इथे विचारलं. चिंगीचं वय आणि झालेलं ऑपरेशन ऐकून एका ठिकाणी नाही म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी वगळलेल्या आजारांची यादी वाचून मीच नाही म्हटलं. पोस्टात तिच्यासाठी आरडी काढलीये, महिना हजार. नाव अर्थात माझं. फॉर्मवर ‘उद्देश’ असा रकाना नव्हता, नाहीतर लिहिलं असतं.

ठाण्याहून

माझ्या घरात दोन मांजरं आहेत आणि सोसायटीत अकरा. अकरा माझी नाहीत, पण आजारी पडली की माझीच असतात.

डॉक्टर कसा निवडला? निवडला नाही. एका पावसाळी रात्री गाडीखाली सापडलेलं पिल्लू बुटांच्या खोक्यात घेऊन गेले. पर्समध्ये 240 रुपये होते. डॉक्टरीणबाईंनी खोकं उघडलं, पिल्लाचं अंग पुसलं, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली, आणि मग ड्रॉवरमधून दोनशे पानी वही काढून मला विचारलं, “खातं कुणाच्या नावावर? तुमच्या की हिच्या?”

तेव्हापासून प्रत्येक मांजराचं एक पान. भटक्यांसाठी त्या तपासणी फी लावत नाहीत, औषध आणि सामान फक्त. मी पगार झाला की हजार रुपये भरते, त्या ज्या पानावर हवे तिथे मांडतात. नसबंद्या महापालिकेच्या योजनेतून आणि एका संस्थेच्या शिबिरात करून घेतल्या, कानाचं टोक कापलं की कळतं कुणाची झाली. तरी बाकी कधी शून्य झाली नाही. जास्तीत जास्त 11,300 पर्यंत गेली होती.

बुटांच्या खोक्यातली ती राणी गेल्या दिवाळीनंतर मूत्रपिंडाच्या आजाराने गेली. शेवटचे दहा दिवस मी रोज कातडीखाली सलाईन द्यायला नेत होते. पुढच्या महिन्यात हजार भरायला गेले तेव्हा बाईंनी वही माझ्यासमोर उघडली. राणीच्या पानावर आडवी रेघ, खाली ‘बाकी 2,150’ खोडलेलं. मी म्हटलं, हे बरोबर नाही. त्या म्हणाल्या, “हिशोब माझा आहे, मला कळतो,” आणि पान उलटलं.

पुढच्या पानावर पांढऱ्या बोक्याचं नाव लिहिलं होतं. जंताचं औषध, 60 रुपये.