270 चौरस फुटांचे घर: मुंबईत किती लहान घर बांधू द्यावे?

प्रश्न: कल्याणकर

नमस्कार. मी, माझे पती आणि माझ्या सासूबाई असे आम्ही तिघे कल्याणला भाड्याच्या घरात राहतो. आम्हा दोघांच्याही नोकऱ्या लोअर परळ भागात असल्याने दिवसाचे तीन तास लोकलमध्ये जातात. आमच्या ऐपतीत सध्या दोनच पर्याय बसतात: बदलापूरला वन बीएचके, किंवा शिवडीच्या बाजूला एका नव्या इमारतीत 270 चौरस फूट कार्पेटचा, म्हणजे घरातील वापरायच्या जागेचा, एकाच खोलीचा स्टुडिओ. या निमित्ताने घरात एक मोठा वाद सुरू झाला आहे. पतींचे म्हणणे असे की, अशी घरे अधिक बांधली गेली तरच मध्यमवर्गाला मुंबईत राहता येईल, त्यामुळे सरकारने त्यांना मोकळीक द्यावी. माझ्या थोरल्या दिरांना मात्र वाटते की, घर किमान किती मोठे असावे याची मर्यादा उलट वाढवली पाहिजे, नाहीतर बिल्डर खुराडी बांधून ती चढ्या भावाने विकत राहतील. या विषयाचा अभ्यास किंवा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: वरळीकर

माझे बालपण वरळीच्या बीडीडी चाळीत गेले. साधारण 160 चौरस फुटांची खोली, मध्ये लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना बिऱ्हाडे आणि मजल्यावर सामायिक संडास. त्या खोलीत आम्ही सात जण राहत होतो. रात्रपाळीचे वडील घरी आले की आम्ही मुले अभ्यासाला पॅसेजमध्ये बसत असू, आणि सुटीच्या दिवशी सगळा वेळ जांबोरी मैदानात जात असे. त्या शेजाराबद्दल लोक आज फार गोडव्याने लिहितात. शेजार खराच चांगला होता, पण रात्री संडासला जाताना कोणीतरी सोबत घ्यावे लागणाऱ्या माझ्या बहिणींना विचारले, तर त्या वेगळे सांगतील. म्हाडाच्या पुनर्विकासातून 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीतील पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा माझ्या आईच्या वयाच्या बायका आधी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पाहायला धावल्या. तीन माणसांनी, त्यांतही एका ज्येष्ठ स्त्रीने, 270 फुटांत राहण्याचा निर्णय घेण्यापूर्वी सासूबाईंना स्वतंत्र झोपायला आणि कपडे बदलायला जागा कोठे मिळेल, एवढे आधी ठरवावे.

उत्तर: वास्तुरचनाकार, ठाणे

चौरस फुटांचा आकडा महत्त्वाचा आहे, परंतु वाद केवळ त्या आकड्याभोवती फिरत राहिला तर मूळ प्रश्न हातून निसटतो, असे माझे स्पष्ट मत आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत सुरुवातीला 225 चौरस फुटांचे घर मिळत असे, 2008 मध्ये ते 269 झाले आणि 2018 च्या विकास नियंत्रण नियमावलीने ते 300 वर नेले. कागदावर ही प्रगतीच आहे. पण मानखुर्द-गोवंडी भागातील नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजली इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर सोडलेले आहे, आणि खालच्या मजल्यांवर भर दुपारीही दिवा लावावा लागतो. अशा वसाहतींतील ऊन-वारा न मिळणारी घरे आणि क्षयरोग यांचा संबंध 2018 मध्ये तेथे झालेल्या अभ्यासात समोर आला. तेथील घर चाळीतल्या खोलीपेक्षा मोठे आहे आणि संडासही घरात आहे, तरीही माणसे आजारी पडतात.

हे मुंबईला नवे नाही. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम वापरला होता, म्हणजे इमारतीच्या उंचीच्या साधारण निम्मी मोकळी जागा समोर असली पाहिजे. त्या हिशेबाने एकवीस मीटर उंच इमारतीसमोर साडेदहा मीटर मोकळे हवेत. शंभर वर्षांपूर्वी ज्या शहराला हे उमगले होते, त्याच शहरात आपण गरिबांसाठी तीन मीटरवर येऊन थांबलो, याची मला या व्यवसायात असल्याने फार खंत वाटते.

आता आपल्या पतींच्या मुद्द्याविषयी. जमिनीची किंमत तिच्यावर बांधून किती पैसा उभा राहील यावर ठरते. एका मजल्यावर चारऐवजी आठ घरे विकता येतील असे दिसले की जमीनमालक पुढच्या व्यवहारात तेवढी किंमत वाढवून मागतो, आणि स्वयंपाकघर व न्हाणीघर यांचा खर्च लहान घरातही फारसा घटत नसल्याने दर चौरस फुटाचा भाव उलट चढाच राहतो. घराची एकूण रक्कम आवाक्यात येते हे खरे आहे, पण केवळ त्यामुळे शहर स्वस्त होत नाही.

उत्तर: लंडनहून

इंग्लंडमध्ये 2013 पासून रिकामी कार्यालये नेहमीच्या नियोजन परवानगीशिवाय घरांत रूपांतरित करण्याची मुभा मिळाली. एका व्यक्तीच्या घरासाठी न्हाणीघरात शॉवर असल्यास 37 चौरस मीटर, म्हणजे जवळपास 400 चौरस फूट, हे मानक 2015 मध्ये आले. परंतु या रूपांतरांना ते लागू नव्हते. परिणामी त्याच्या निम्म्याहून लहान घरेही बांधली गेली, आणि काही घरांना तर बाहेर उघडणारी खिडकीच नव्हती. पुरेशा नैसर्गिक उजेडाची अट 2020 मध्ये आणि क्षेत्रफळाची अट एप्रिल 2021 पासून घालावी लागली. मला सर्वांत गंभीर वाटते ती पुढची गोष्ट: एकट्या माणसासाठी योग्य म्हणून सांगितलेल्या अशा खोल्यांत, उदाहरणार्थ एसेक्समधील हार्लो येथे, बेघर झालेली लहान मुलांची कुटुंबे आणून ठेवली गेली. लहान घर कोणासाठी बांधले आणि त्यात प्रत्यक्षात कोण राहते, यांत नेहमी अंतर पडते. म्हणून मी आपल्या दिरांच्या बाजूने आहे.

उत्तर: परिचारिका, परळ

वरील मंडळींचा अनुभव मोठा आहे, पण माझ्यासारखीचा विचार कोणी केलेला दिसत नाही. मी सांगलीहून येथे नोकरीला आले आणि एका खोलीत चौघींबरोबर कॉट बेसिसवर, म्हणजे केवळ एका खाटेचे भाडे देऊन, राहते. किमान क्षेत्रफळाची मर्यादा वाढवली म्हणून मला मोठे घर मिळणार नाही, मला पुन्हा हीच कॉट मिळेल. दार आतून बंद करता येईल अशी शंभर-सव्वाशे फुटांची, उजेड असलेली, भाड्याची खोली रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळाली, तर मी ती आनंदाने घेईन. अशी खोली विकण्यासाठी बांधू नये, केवळ भाड्याने देण्यासाठी आणि एकाच व्यक्तीसाठी बांधावी, एवढी अट मला मान्य आहे.

प्रतिसाद: कल्याणकर

सर्वांचे मनापासून आभार. परिचारिकाताईंचे म्हणणे वाचून पतींनी आणि मी पुन्हा विचार केला. आम्ही तिघे आहोत, हा मुद्दा आता टाळता येत नाही. तरीही तो स्टुडिओ एकदा पाहून येणार आहोत. पाहताना काय तपासावे?

उत्तर: वास्तुरचनाकार, ठाणे

परिचारिकाताईंची अट योग्य आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत एकच खोली असेल तर ती किमान साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे 102 चौरस फूट असावी आणि तिची रुंदी 2.4 मीटरपेक्षा कमी नसावी असे म्हटले आहे. एकट्या व्यक्तीच्या भाड्याच्या खोलीसाठी तो पाया पुरेसा आहे.

आपल्यासाठी: रेराच्या, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर संपदा कायद्याच्या, व्याख्येनुसार कार्पेटमध्ये घरातील आतल्या भिंतींची जाडी धरली जाते, बाल्कनी धरली जात नाही, म्हणून 270 पैकी प्रत्यक्ष मोकळे किती, ते टेप लावून मोजावे. नमुना घरातील पलंग आणि कपाटे अनेकदा नेहमीपेक्षा लहान मापाची केलेली असतात, तीही मोजावीत. खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या अरुंद पोकळीत, उघडते की मोकळ्या बाजूला, आणि शेजारच्या भूखंडावर नवी इमारत मंजूर आहे का, हे मंजूर नकाशावर पाहावे. घर दुपारी, सर्व दिवे बंद करून पाहावे, आणि सासूबाईंना बरोबर न्यावे.