खरी कमाई की ग्रेसचे मार्क? तुमचे अनुभव लिहा

नौपाडेकर

मंडळी, ग्रेस म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. एक कवी आणि दुसरे दहावीचे मार्क. हा धागा दुसऱ्या ग्रेसबद्दल आहे. जे आपण कमावलं नव्हतं, ज्यावर आपला हक्क नव्हता आणि तरीही पदरात पडलं, त्याबद्दल. देवभोळ्यांनी कृपा म्हणावं, बाकीच्यांनी नशीब. मला नशीब हा शब्द पुरत नाही, कारण माझ्या बाबतीत दर वेळी मध्ये कुणीतरी माणूस होतं.

आधी माझं सांगतो. मी कादंबऱ्या लिहितो. तीन छापून आल्या, चौथी अडकली आहे. पस्तीस वर्षं ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, लिखाण त्यातूनच वेळ काढून. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९७४ पासून तीन वर्षं, शाळेत स्काऊट होतो. खाकी अर्धी चड्डी, गळ्यात स्कार्फ, हातात आपल्यापेक्षा उंच काठी.

ज्यांनी स्काऊट केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, 'खरी कमाई' नावाचा आठवडाभराचा एक प्रकार असे. घरोघर जायचं, पडेल ते काम करायचं, लोक देतील ते पैसे घ्यायचे आणि शाळेत जमा करायचे. त्याचं एक कार्ड मिळायचं. काम, रक्कम, त्या घरच्यांची सही. कामाशिवाय पैसे घ्यायचे नाहीत, ही सरांची सक्त ताकीद.

एका वर्षी मी कुणाचं दळण आणलं, कुणाचे पंखे पुसले, चिंच लावून पितळेची भांडी घासली. चार आणे, आठ आणे. शेवटच्या दिवशी गोखले रोडच्या मागे एका वाड्यात गेलो. आजी एकट्याच होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि डबीतून रुपया काढला. "काम काही नाही रे, हा घे." मी ताठ उभा राहून सांगितलं, काम दिल्याशिवाय पैसे घेत नाही. म्हणाल्या, "बरं बाबा. स्टोव्हवर दूध ठेवलंय. मी तुळशीला पाणी घालून येते. उतू जाऊ देऊ नकोस."

मी पातेल्यासमोर उभा राहिलो, अगदी सावधान पोझिशनमध्ये. दूध काही केल्या हलेना. शेजारी भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याच्या मागच्या बाजूला काय छापलंय म्हणून मी पान उलटलं, तेवढ्यात फस्स झालं. सायीसकट सगळं दूध ओट्यावरून खाली, स्टोव्ह विझलेला. रॉकेल आणि करपलेलं दूध यांचा मिळून जो वास येतो तो आज कुठे येतही नाही, पण मला आठवतो.

आजी आल्या. बघितलं. फडकं घेतलं आणि स्वतःच पुसलं, मला हात लावू दिला नाही. मग कार्ड मागून घेतलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'काम : दूध राखणे. रु. १.' खाली सही. त्या रुपयामुळे आमच्या वर्गात माझी रक्कम सगळ्यात जास्त भरली. सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. मी त्या घेतल्या.

आता पुस्तकाचं. पहिली कादंबरी लिहायला नऊ वर्षं गेली. पहाटे पाच ते साडेसहा, स्वयंपाकघरात, पाठकोऱ्या कागदांवर. मग प्रकाशकांचे उंबरे. तीन ठिकाणांहून साभार परत. तुकोबांची गाथा इंद्रायणीने तेरा दिवसांनी वर आणून दिली म्हणतात. माझं बाड एका ठिकाणी तेरा महिने बुडून होतं, शेवटी मीच जाऊन काढून आणलं.

चौथ्या ठिकाणी, दादरला, २६ जुलै २००५ ला सकाळी बाड दिलं आणि परत ठाण्याला आलो. दुपारनंतर काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. संपादक बाई डोंबिवलीच्या. गाड्या बंद, हिंदमाताला पाणी, बाई रात्रभर ऑफिसात. टेबलावर सगळ्यात वर माझं बाड होतं, कारण ते त्याच दिवशी आलं होतं. एरवी तिथे सहा-सहा महिने कागदाला हात लागत नसे. उजाडेपर्यंत बाईंनी ते वाचून काढलं. पुढच्या वर्षी पुस्तक आलं.

पूर्वी मी कार्यक्रमांत हे रंगवून सांगायचो, की माझं पुस्तक पावसाने छापलं. मग बंद केलं. त्या पावसात एकट्या मुंबईत चारशेहून जास्त माणसं गेली, साकीनाक्याला दरड घरांवर आली. अशा रात्रीतून मला काही मिळालं याला काय म्हणायचं, मला ठरवता आलेलं नाही.

आणखी एक राहिलं. स्काऊटमध्ये माग काढायच्या खुणा शिकवतात. बाण, दगडावर दगड, मोडलेली काटकी. सगळ्यात शेवटची खूण म्हणजे वर्तुळ आणि त्यात मधोमध टिंब. अर्थ, मी घरी गेलो. बेडन पॉवेल १९४१ साली केनियात वारले, न्येरीला त्यांच्या थडग्यावरसुद्धा हीच खूण आहे. माझ्या कादंबरीचं शेवटचं वाक्य मी मुद्दाम पूर्णविराम न देता सोडलं होतं आणि त्याच्या शेजारी ही खूण हाताने काढली होती. छापून आलं तर खूण गायब आणि वाक्यापुढे ठसठशीत पूर्णविराम! शेवटचं प्रूफ माझ्याच नजरेखालून गेलेलं, त्यामुळे बोलायची सोय नाही. लेखकाच्या म्हणून मिळालेल्या २५ प्रतींत पेनाने वर्तुळं काढत बसलो. राग अजून गेलेला नाही.

तर लिहा. तुम्ही कुठे ग्रेसने पास झालात?

पाठकोरा, चरई

मी मुद्रितशोधन करतो, वीस वर्षं झाली. नौपाडेकर, तुमचं पुस्तक टाइप करणाऱ्या त्या ऑपरेटरला माफ करून टाका. वर्तुळात टिंब ही आमचीही खूण आहे. प्रुफात ती दिसली की अर्थ एकच, इथे पूर्णविराम टाका. तुमच्या वाक्याला पूर्णविराम नव्हता आणि शेजारी खूण होती. त्याने टाकला. खूण स्वतः छापायची नसते, ती सूचना असते. मी असतो तरी हेच केलं असतं.

आता माझी ग्रेस. वाशीच्या एका कवयित्रीचा संग्रह होता. मजकूर श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमधला. तो युनिकोडमध्ये नेला की काही अक्षरं दगा देतात, विशेषतः रफार. आतल्या कविता मी तीनदा वाचल्या. अर्पणपत्रिका वाचली नाही, दोन ओळींत काय चुकणार! आईचं नाव 'दुर्गा' होतं, छापून आलं 'दुगा'. पाचशे प्रती बांधून तयार. मी फोन करायला तीन दिवस घेतले. त्यांना आधीच कळलं होतं. बहिणीला बोलावून दोघींनी घरी बसून पाचशे चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. प्रकाशकाला त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही, नाहीतर माझं तिथलं काम तेव्हाच संपलं असतं. पुढचा संग्रहही त्यांनी माझ्याचकडे पाठवला. त्यात एकच अट होती, अर्पणपत्रिका मी मोठ्याने वाचायची. फोनवर वाचून दाखवली.

सानपाड्याची

दहावीला गणितात ३१. ग्रेसने ३५ झाले. आता गणिताचे क्लास घेते. मुलांना सांगितलेलं नाही.

घणसोलीकर

तुमचं वाचून बरं वाटलं, पण मला ग्रेस नाही मिळाली, बिल मिळालं. 'लेखक सहभाग योजना' असं गोंडस नाव होतं. पंचेचाळीस हजार भरले, पाचशे प्रती ठरल्या होत्या, आल्या तीनशे. बाकीच्या 'वितरणात' आहेत म्हणे. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय नंबराचे, वेगळे तीन हजार लावले. नंतर कळलं की आपल्याकडे हा नंबर राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो आणि त्याला एक पैसा पडत नाही. हेही नंतर कळलं की पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. नवे लिहिणारे कुणी हे वाचत असतील तर पैसे भरायच्या आधी तिथे अर्ज करून बघा. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतोय.

तीनशे प्रती दिवाणात. त्यावर मुलगी झोपायची. तिच्या बारावीच्या वर्षी पुस्तकांना जागा हवी झाली, तेव्हा मन घट्ट करून दोनशे प्रती रद्दीत घातल्या. किलोला बारा रुपये. पाचेक महिन्यांनी वाशी स्टेशनबाहेर फुटपाथवर माझंच पुस्तक दिसलं. किंमत विचारली. पन्नास म्हणाला. घासाघीस केली, तो ऐकेना. घेतलं. गाडीत उघडलं तर आत कुणीतरी पेन्सिलने खुणा केलेल्या. काही वाक्यांखाली रेघ, एके ठिकाणी समासात 'खरंय'. पान ११२ पर्यंत. पुस्तक १४४ पानांचं आहे.

त्या वाचकाने ११२ ला का सोडलं, हे तेव्हापासून डोक्यात आहे. ते पान मी शंभरदा वाचलंय. तिथे मी खरंच पाल्हाळ लावला आहे.

रबाळे लोकल

वाचतोय. एकच प्रश्न. २६ जुलैला बाईंच्या टेबलावर तुमच्या बाडाच्या खाली कुणाचं बाड होतं?

नौपाडेकर

विचारलं होतं मी बाईंना. आठवत नाही म्हणाल्या.

पाठकोरा, टिंबाबद्दल आभार. दोन दिवस हसतोय आणि थोडा वरमलोय. घणसोलीकर, ती प्रत जपा.

ऐरोलीच्या बाई

मी मराठी शिकवायचे, निवृत्त झाले. मला माझा अनुभव नाही लिहायचा, तो फार घरगुती आहे. फक्त एक शब्द. 'पसायदान' आपण शाळेत रोज म्हणतो, पण पसाय म्हणजे प्रसाद हे सांगितल्याशिवाय मुलांना कळत नाही. नऊ हजार ओव्या रचून झाल्यावर माणूस शेवटी काय मागतो? मजुरी मागत नाही, प्रसाद मागतो, तोही सगळ्यांसाठी. शके १२१२, म्हणजे १२९०. मला याचं आश्चर्य दर वर्षी नव्याने वाटायचं आणि आठवीच्या वर्गाला दर वर्षी वाटायचं नाही.

आणि नौपाडेकर, तुमच्या स्काऊटची प्रार्थना 'दया कर, दान' अशीच सुरू होते ना? रोज सकाळी दान मागायचं आणि आठवडाभर फुकट काही घ्यायचं नाही, ही गंमत कुणाच्या लक्षात आली होती का?

कळव्याचे सर

बाई, माझ्या लक्षात आली होती. मी स्काऊटमास्तर होतो, एकवीस वर्षं. येऊरला कॅम्प नेलेत, पावसात ओल्या लाकडांवर पिठलं शिजवलंय, मुलांना क्लोव्ह हिच आणि रीफ नॉट या गाठी डोळे मिटून बांधायला लावल्यात. ते सगळं लिहीत बसलो तर रात्र होईल.

खरी कमाईबद्दल एक कबुली द्यायची आहे. चाळी होत्या तोवर ठीक होतं. दारं उघडी असायची. पुढे कॉम्प्लेक्स आले, गेटवर वॉचमन बसले. मुलांना आत सोडेनात. शेवटी आम्ही शाळेच्या मैदानातच आनंद मेळावा भरवायला लागलो, भेळेचे आणि लिंबू सरबताचे स्टॉल. पण त्याआधीची काही वर्षं अशी होती की काही पोरं कोरी कार्डं घेऊन यायची. सगळ्यांसमोर रक्कम वाचायची असायची. मग मी आदल्या दिवशी ती कार्डं घरी न्यायचो. 'अंगण झाडले', 'पाणी भरले', असं काहीतरी लिहायचो, बायकोची सही घ्यायचो आणि खिशातले दोन-दोन रुपये टाकायचो. अंगण नव्हतंच आमच्याकडे, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो.

सगळी पोरं गप्प राहायची. एकच होता. कार्ड परत मिळाल्यावर त्याने ते वाचलं आणि म्हणाला, "सर, हे मी नाही झाडलं." मी म्हटलं, गप बस, बेल झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दाराबाहेर खरखर ऐकू आली. बायकोने कडी काढून बघितलं. पोरगा आमच्या मजल्याची गॅलरी झाडत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारा बिऱ्हाडांची. गणवेश घातलेला, स्कार्फ खिशात. केरसुणी घरून आणली होती.